ञ चे चित्र

मिलानमधल्या एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला स्क्रूने बसवलेल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी तिसरीवर बसलेली असताना मी एका म्हाताऱ्या बाईशी खोटे बोलले. त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेले. खोटे तीन शब्दांचे होते आणि त्यामुळे कोणाचे फार मोठे नुकसान झाले असेल असेही नाही; तरीही भाजी निवडताना किंवा रात्री झोप लागण्याआधीच्या त्या अर्धवट गुंगीत ती बाई पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहते. तिच्या अंगात गुडघ्यापर्यंत येणारा राखाडी लोकरीचा कोट होता, काळी पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती आणि चालून आल्यामुळे तिला थोडी धाप लागली होती. लांबलचक कॉरिडॉरमध्ये आम्हा दोघींखेरीज कोणी नव्हते. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तिला लिंबाच्या साबणासारखा वास येत होता. ती माझ्यापुढे जराशी वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी स्कूझी, सिञ्ञोरा, सा दोव्हे इल बाञ्ञो?"

माफ करा बाई, बाथरूम कुठे आहे ठाऊक आहे का तुम्हाला? तिच्या वाक्यातला शब्द न् शब्द मला कळला होता, आणि त्या देशात असे माझ्या बाबतीत क्वचितच घडत असे. उत्तरही मला ठाऊक होते, कारण पाचच मिनिटांपूर्वी मी तिथूनच आले होते. "इन फोंदो, आ देस्त्रा", म्हणजे शेवटी, उजव्या हाताला. एवढे चार शब्द माझ्या वहीत तांबड्या शाईने लिहिलेले होते आणि वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. मी मात्र तिच्याकडे पाहून म्हणाले, "नोन पार्लो इतालियानो." मला इटालियन येत नाही. हे मी इतक्या स्वच्छ उच्चारांत म्हटले की ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. मग "आ, स्कूझी" असे पुटपुटून ती डावीकडे, जिन्याच्या दिशेने निघून गेली. तिच्या बुटांचा आवाज लांब लांब होत गेला आणि जिन्याचे जड दार धप्पकन बंद झाले.

निदान हात तरी करता आला असता. बोटाने उजवीकडे दाखवायला कुठलीच भाषा लागत नाही.

मी मिलानला गेले होते ती लेकीच्या बाळंतपणासाठी. पर्यटकाच्या व्हिसावर मिळणारे नव्वद दिवस हातात होते आणि त्यात बाळाचे येणे, बाराव्या दिवसाचे बारसे, मालीश, शेक, डिंकाचे लाडू असे सगळे बसवायचे होते. लेक म्हणाली होती, "आई, तुझं काही अडणार नाही. फोनमध्ये सगळं भाषांतर होतं." पण फोनवर विसंबून घराबाहेर पडणे माझ्या स्वभावात नाही. पोटात कळ आली असताना चष्मा शोधा, फोन उघडा, त्याच्यापुढे बोला आणि मग तो अनोळखी माणसाच्या तोंडापुढे धरा, हे मला जमण्यासारखे नव्हते. घराजवळच्या चर्चच्या आवारात परदेशी लोकांसाठी स्वयंसेवक इटालियनचे वर्ग चालवतात असे जावयाने सांगितले, आणि मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तिथे जाऊन बसू लागले. वर्गात पेरूमधली एक तरुण आई होती, इजिप्तचा एक पिझ्झा भाजणारा मुलगा होता, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन फिलिपिनो बहिणी होत्या, श्रीलंकेचे एक गृहस्थ होते आणि सगळ्यांत शेवटच्या बाकावर शंभर पानी वही घेऊन मी होते.

आमच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. चष्म्याची साखळी गळ्यात, बोटांना खडू, आणि चूक झाली की भुवई वर. 'माझे नाव अमुक' हे पहिल्या दिवशी उरकल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक इमारत उभी कापून काढली, दिवाळी अंकातल्या व्यंगचित्रात काढतात तशी, भिंत उघडी टाकून आतले सगळे दिसेल अशी. खाली पियानो तेर्रा, म्हणजे तळमजला. त्याच्या वर प्रीमो पियानो, म्हणजे आपला पहिला मजलाच. मजले मोजण्याची त्यांची आणि आपली रीत एकच निघाल्याने मला उगाचच बरे वाटले. पियानो म्हणजे मजला, पियानो म्हणजे हळू, आणि दिवाणखान्यात वाजवतात तोही पियानोच. लिफ्ट म्हणजे अशेन्सोरे आणि जिने म्हणजे स्काले. दोन्ही शब्दांत एस आणि सी या अक्षरांची तीच जोडी असते, पण पुढे ए आला की तिचा श होतो आणि आ आला की स्क. ऊशीता म्हणजे बाहेर जाण्याचे दार. ग्वास्तो म्हणजे बिघडलेले, आणि हा शब्द पाठ करूनच ठेवा असे बाईंनी बजावले, कारण लिफ्टवर तो तुम्हाला वरचेवर भेटेल. मग त्यांनी तळमजल्याच्या टोकाला एक छोटी चौकट काढली, तिच्यात खडूने अक्षरे लिहिली आणि आम्हा सगळ्यांना एका सुरात म्हणायला लावले: "दोव्हे इल बाञ्ञो?"

मी वहीत देवनागरीत लिहून घेत असे. आधी 'बाग्नो' लिहिले, बाईंनी उच्चार करून दाखवल्यावर ते खोडून 'बान्यो' केले, आणि तरी त्यांची भुवई वरच राहिली. जीभ टाळूला सपाट चिकटवून, नाकातून आवाज काढत, मधल्या अक्षरावर क्षणभर रेंगाळून त्यांनी तो शब्द तिसऱ्यांदा म्हटला तेव्हा माझ्या एकदम लक्षात आले की हे अक्षर माझ्याकडे आहे. लहानपणापासून आहे. अंकलिपीत क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा अशी चित्रे येत येत घ घराचा झाला की ङ पाशी चौकट रिकामी असे. च, छ, ज, झ यांच्यानंतर ञ ची चौकटही तशीच रिकामी. आम्ही मुले ती दोन अक्षरे घाईघाईने नाकात म्हणून पुढे पळत असू. ती कशासाठी आहेत हे गुरुजींनीही कधी सांगितले नाही, आणि पुढच्या आयुष्यात कार्यालयात चाळीसेक वर्षे मराठीत टिपणे लिहूनही ञ सुटा लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

पंचावन्न वर्षांनी त्या रिकाम्या चौकटीत चित्र आले, आणि तेही संडासाचे.

त्या दिवशी बाईंनी आणखी एक फरक शिकवला, तो मात्र माझ्या मनात रुतून बसला. 'दोव्हे' म्हणजे कुठे आहे. 'चे' म्हणजे आहे. हा 'चे' 'घराचे' मधला नव्हे, 'चेहरा' मधला. 'चे उन बाञ्ञो?' म्हणजे इथे बाथरूम आहे का? आता घरात, इस्पितळात, कचेरीत बाथरूम असणारच, म्हणून तिथे 'दोव्हे' विचारायचे. लहानशा दुकानात असेलच असे नाही, म्हणून तिथे 'चे'. बाईंच्या दृष्टीने हा व्याकरणाचा मुद्दा होता. पुढच्या सरावात मात्र प्रत्येक इमारतीसाठी, मग ती कुठलीही असो, मी आपली 'चे उन बाञ्ञो?' असेच विचारत राहिले. बाई हसून म्हणाल्या, "अहो, इस्पितळ आहे ते. तिथे असेलच की." पेरूची मुलगी हे सगळे तोंडातल्या तोंडात दुरुस्त करून देत होती. तिला ते लगेच कळले होते, मला का कळत नव्हते याचा मी घरी जाताना ट्राममध्ये विचार करत होते. कारण साधे होते. मी ज्या शहरात वाढले तिथे बाईमाणूस घराबाहेर पडले की 'कुठे आहे'च्या आधी 'आहे का' हा प्रश्न असतो. लांबच्या बसप्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही; आईला पाहून ते आपोआप आले. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हे त्यांचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, तेव्हा माझी अर्धी नोकरी संपली होती.

आमची चाळ गिरगावात होती. मजल्यावर अकरा बिऱ्हाडे आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. हातात टमरेल घेऊन गॅलरीतून चालत जाणे म्हणजे आपण कुठे निघालो आहोत हे अकरा दारांना सांगत जाणे असे, त्यामुळे तोंडाने काही बोलण्याची गरजच पडत नसे. बहुधा म्हणूनच की काय, चारचौघांत मोठ्याने उच्चारता येईल असा शब्द आमच्याकडे तयार झाला नाही. संडास म्हटले तर घाण वाटते, शौचालय आणि प्रसाधनगृह हे पाटीवरचे शब्द आहेत, लघवी डॉक्टरांपुढे, परसाकडे गावी, आणि शाळेत करंगळी. माझी आजी राजापूरकडची. तिला 'परसाकडे' एवढा एकच शब्द ठाऊक होता आणि मुंबईत कुठे परसूच नव्हते. मी बारा वर्षांची असताना तिच्या डोळ्याचे मोतीबिंदू दाखवायला आम्ही तिला एका मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेलो होतो. आई केसपेपरच्या रांगेत उभी होती आणि मी आजीजवळ बाकावर बसले होते. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता, तरी व्हायचे ते झालेच. तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारले, "कुठे जायचं असतं गं इथे?" तिला वाचता येत नव्हते आणि मला विचारता येत नव्हते. समोर खाकी कपड्यांतले दोन वॉर्डबॉय तंबाखू मळत उभे होते. त्यांच्यापुढे जाऊन तो शब्द उच्चारण्याच्या कल्पनेनेच माझे कान तापले. मी खांबाला एक वळसा घालून परत आले आणि आजीला म्हणाले, "बंद आहे." तिने "बरं" म्हटले आणि पदर तोंडावर घेतला. बसने गिरगावात येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

इटालियन माणसांनाही या जागेचे नाव थेट घेणे जड जात असावे. बाञ्ञो म्हणजे मुळात स्नान. सेर्विझी म्हणजे सेवा. तोआलेत हा शब्द फ्रेंचांकडून आणलेला. जुन्या आगगाड्यांतल्या दारावर 'रितिराता', म्हणजे 'माघार', असे लिहिलेले असे, आणि गाबिनेत्तो म्हणजे तर संडासही आणि मंत्रिमहोदयांचे खास कार्यालयही. त्यावर आमच्या वर्गातल्या श्रीलंकेच्या गृहस्थांनी केलेला विनोद भाषेची अडचण असूनही सर्वांना कळला. मोठ्या स्थानकातल्या संडासाला एक युरो मोजावा लागतो अशी तक्रार कोणीतरी केली तेव्हा बाईंनी सांगितले की हे दुखणे दोन हजार वर्षांचे आहे. वेस्पासियानो हा रोमचा सम्राट. त्याची कारकीर्द इसवी सन ६९ ते ७९, आणि कलोसियम बांधायला घेतले ते त्यानेच. त्या काळी कातडी कमावणारे आणि कपडे धुणारे लोक मुताऱ्यांतले मूत्र विकत नेत असत, त्यावर याने कर बसवला. मुलाने नाक मुरडले तेव्हा त्याने त्या करातले नाणे मुलाच्या नाकाशी धरले आणि वास येतो का म्हणून विचारले. एवढे कलोसियम उभारायला घेऊनही रस्त्यावरच्या मुतारीला इटलीत त्याचेच नाव चिकटले.

शब्द पाठ झाले म्हणून दारे ओळखू येतात असे नाही. एका जुन्या वाड्यातल्या वस्तुसंग्रहालयात लेकीला बाकावर बसवून मी मोठ्या आत्मविश्वासाने एकटी निघाले. टोकाला दोन दारे होती, चित्र कुठेच नव्हते, आणि एकावर लिहिले होते 'सिञ्ञोरी' तर दुसऱ्यावर 'सिञ्ञोरे'. इथेही ञ आहे याचा आनंद होण्याइतका वेळ मला मिळाला, पण पुढे काय करावे ते कळेना. बाई म्हणजे सिञ्ञोरा आणि पुरुष म्हणजे सिञ्ञोरे, एवढे मला येत होते. शिवाय मराठी कान सांगत होता की मुलगा-मुलगी, काका-काकी, म्हणजे ईकारांत ते आपले. मी सिञ्ञोरीत शिरले. आत हात धूत असलेल्या गृहस्थांनी आरशातून माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने, ओल्या हाताने, शेजारच्या दाराकडे बोट दाखवले. नंतर बाईंनी समजावले की दारावर अनेकवचन असते. पुरुषांचे अनेकवचन ई लावून होते आणि बायकांचे ए लावून, त्यामुळे एका पुरुषाला हाक मारायचा सिञ्ञोरे दारावर गेला की अनेक बायका होतो. म्हणजे आपल्या नेमके उलटे. आपल्याकडे 'मुलगे' एकारांत आणि 'मुली' ईकारांत. त्याच आठवड्यात नळावर इंग्रजी सी दिसला म्हणून थंड समजून हात खाली धरला आणि भाजून घेतला, कारण तो सी 'काल्दो'चा, म्हणजे गरम. मराठीने दारात फसवले आणि इंग्रजीने मोरीत.

लेकीचे घर मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले. मिलानमध्ये कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या इमारती आहेत, त्यांना कासा दी रिंगिएरा म्हणतात, म्हणजे कठड्याचे घर. मध्ये चौक, चारी बाजूंनी मजल्यामजल्यावर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीवर ओळीने उघडणारी दारे. टॅक्सीतून उतरून मोठ्या दारातून आत पाऊल टाकले आणि मान वर केली तर कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी. मी जावयाला म्हणाले, "अहो, ही तर चाळ आहे." आता तिथल्या खोल्यांना चांगले भाडे येते, भिंतींना आंब्याच्या रसासारखा पिवळा रंग असतो आणि बाथरूम घरोघरी आत गेलेली आहेत. पण गॅलरीच्या टोकाला अरुंद दाराची एक खोली अजून होती, तिच्यात झाडू आणि बादल्या ठेवलेल्या असत. समोरच्या खोलीतल्या ऐंशी ओलांडलेल्या शेजारीणबाईंनी एकदा त्या दाराकडे हनुवटी करून मला सांगितले, "इल गाबिनेत्तो." त्यांच्या लहानपणी सगळा मजला तिथेच जात असे, थंडीच्या रात्री कोणी बाहेर पडत नसे आणि सकाळी भांडी घेऊन रांग लागे. मी बोटांवर आमचा हिशेब मांडला: अकरा बिऱ्हाडे, चार. त्यांनी आठ बोटे दाखवली आणि मग एक. हार मला मान्य करावी लागली. नंतर त्यांनी मला त्यांचे बाथरूम आत नेऊन दाखवले, देवघर दाखवावे तसे, आणि बिडेवर, म्हणजे बसून अंग धुण्याच्या भांड्यावर, हात ठेवून काहीतरी अभिमानाने सांगितले. १९७५ च्या जुलैमध्ये निघालेल्या सरकारी आदेशानुसार तिथल्या प्रत्येक घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिडे असावाच लागतो, असे लेकीने त्याचे भाषांतर केले. मी बॅगेत, डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी, प्लास्टिकचा मग भरून आणला होता. तो तसाच परत आला.

अडत होते ते उत्तरांशी. प्रश्न आपण घरून तयार करून नेतो, उत्तर समोरच्याच्या हातात असते, आणि ते तो वहीत पाहून देत नाही. बारमध्ये जाऊन आधी कॉफी मागायची, ती दोन घोटांत संपवायची आणि मग विचारायचे, ही रीत मला जमू लागली होती. काउंटरवरचा माणूस हातातले फडके न थांबवता जे काही म्हणे त्यातले मला 'फोंदो' आणि 'देस्त्रा' एवढेच ऐकू येई, पण तेवढे पुरत असे. इटालियन माणसे स्वतःच थट्टेने म्हणतात की जगातले प्रत्येक बाथरूम इन फोंदो आ देस्त्रा असते, आणि माझा अनुभव याहून वेगळा नाही. फोंदो म्हणजे तळ, विहिरीचा असतो तसा, आणि कॉरिडॉरचे टोक हाही त्याचा तळच. वर्गात बाई आमच्या जोड्या लावत. एकाने विचारायचे, दुसऱ्याने फळ्यावरच्या इमारतीत पाहून वाट सांगायची. मी दर वेळी विचारणारी होत असे. "आज तुम्ही सांगा," असे बाई म्हणाल्या की मी फिलिपिनो बहिणींपैकी धाकटीला पुढे करत असे. विचारणाऱ्याची चूक झाली तर लोक हसून सोडून देतात. सांगणाऱ्याची चूक झाली तर दुसरेच कोणीतरी भलत्या जिन्यावर जाऊन पोहोचते.

लेकीच्या कळा पहाटे तीनला सुरू झाल्या. साला पार्तोमध्ये, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत, एकालाच जाता येत होते आणि तो मान अर्थातच जावयांचा. मी बाहेर खुर्चीवर स्तोत्र म्हणत बसले, ते संपल्यावर परत पहिल्यापासून सुरू केले. दुपारी कधीतरी, आता थांबणे शक्य नाही असे झाल्यावर, मी एका नर्सला गाठले आणि न अडखळता विचारले, "मी स्कूझी, दोव्हे इल बाञ्ञो?" इथे मी 'चे' म्हटले नाही याची नोंद घ्यावी. तिने उत्तर दिले, ते मला कळले, आणि मी स्वतःच्या पायांनी न चुकता तिथे पोहोचले. परीक्षेत पहिले आल्यासारखे वाटत होते. काम झाल्यावर समोर भिंतीवरून एक पांढरी दोरी लोंबत होती. चाळीच्या संडासात वरच्या टाकीची साखळी ओढायची सवय हाडात मुरलेली. हात आपोआप गेला. पाणी काही आले नाही, पण बाहेर कुठेतरी किणकिण सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात दारावर थापा पडू लागल्या. "तुत्तो बेने, सिञ्ञोरा? तुत्तो बेने?" सगळे ठीक आहे ना, बाई? ती दोरी आत कोणी पडले तर मदत बोलावण्यासाठी असते. दार उघडून मी बाहेर आले तेव्हा दोन नर्स उभ्या होत्या. एकीच्या हातात चाकांचे स्ट्रेचर होते. मला 'सी, सी' एवढेच म्हणता आले. चूक झाली, मला वाटले ते पाण्याचे आहे, हे सांगायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. धाकटी नर्स हसली. ते हसणे वाईट नव्हते, पण खुर्चीवर येऊन बसले तेव्हा माझे कान बारा वर्षांच्या वयात तापले होते तसेच तापलेले होते.

आणि तेवढ्यात ती राखाडी कोटातली बाई आली.

त्या वेळी मनात काय होते हे आता सांगायचे तर त्यात थोडी भर पडणारच. तिला वाट सांगितली असती तर ती आणखी काहीतरी बोलली असती; कोण आत आहे, मुलगी का सून, कितवा महिना होता, असे. तिथून पुढे माझी वही संपत होती. मी पाठवले ते बाथरूम फक्त रुग्णांसाठी असते आणि नर्स तिच्यावर ओरडल्या असत्या तर, अशीही एक शंका होती, आणि ती अगदीच खोटी नाही. पण सगळ्यांत खरे हे की पुन्हा एकदा तोंड उघडून चुकायची माझी त्या दिवशी तयारी नव्हती, आणि मला येत नाही म्हटले की माणूस कुठल्याही जबाबदारीतून मोकळा होतो हे मला फार पूर्वीपासून ठाऊक होते. जिन्याचे दार बंद झाल्यावर मी उठले. जिन्याशी जाऊन खाली वाकून पाहिले, वर पाहिले. ती कुठे दिसली नाही. तिच्या बुटांचा आवाजही नव्हता.

संध्याकाळी नात झाली. तिथे नवजात बाळांना ठेवतात त्या खोलीला नीदो म्हणतात, म्हणजे घरटे; काचेतून मी तिचे मूठभर तोंड पाहिले आणि काही तास बाकी सगळे विसरले. गॅलरीतल्या दारावर जावयांनी गुलाबी फीत लावली, मुलगी झाली की तिथे लावतात तशी, आणि समोरच्या शेजारीणबाई त्या फितीवरून हात फिरवून गेल्या. तिसऱ्या दिवशी लेकीला घरी सोडणार होते. कागदपत्रे होईपर्यंत मी पुन्हा त्याच तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईचा कोट मी पाहत होते. फुले घेऊन लोक येत होते, एक आजोबा जिन्यानेच चढून आले कारण लिफ्टवर 'ग्वास्तो' होते, पण मला कोणी काही विचारले नाही. मग कॉरिडॉर रिकामा झाल्यावर मी समोरच्या भिंतीकडे पाहत, पुरेशा मोठ्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटे करून म्हटले, "इन फोंदो, आ देस्त्रा."

मागे फरशी पुसणारा माणूस होता, तो मला दिसला नव्हता. त्याने पुसणे थांबवले, मी विचारते आहे असे समजून मान डोलावली, आणि मॉपच्या दांड्याने कॉरिडॉरचे टोक दाखवत म्हणाला, "सी, सिञ्ञोरा. इन फोंदो, आ देस्त्रा." नंतर तो वाट मोकळी करून भिंतीशी सरकून उभा राहिला, मी ओल्यावरून घसरू नये म्हणून कोरड्या पट्टीकडे बोट दाखवत. आता उठणे भाग होते. मी "ग्रात्सिए" म्हटले, कोरड्या पट्टीवरून चालत टोकापर्यंत गेले आणि उजवीकडे वळले. आत दोरी तिथेच लोंबत होती. हात धुतले, दोरीकडे न पाहता बाहेर आले, तेव्हा तो माणूस पुढच्या खिडकीपर्यंत पोहोचला होता.